नाण्याची जन्मखूण

मराठी भाषेने माणसाची पारख करण्यासाठी पुष्कळ शब्द नाण्यांकडून उसने घेतले आहेत. ज्याच्या बोलण्यात व वागण्यात अंतर नसते, तो बंदा रुपया. ज्याचे गुण कसोटीस उतरतात, ते खणखणीत नाणे. आणि घरचाच मुलगा नाठाळ निघाला, तर वडील माणसे सुस्कारा टाकून म्हणतात, 'आपलेच नाणे खोटे, तेथे दुसऱ्यास बोल काय लावावा?' ही भाषा ज्या काळात रूढ झाली, त्या काळी हाती आलेला रुपया लोक दगडावर वाजवीत, त्याचा नाद ऐकत आणि मगच तो कनवटीस लावीत. सरकारी खजिन्यात भरणा होणारी नाणी पारखण्यासाठी पोतदार नेमलेला असे. पोतदाराचे पद गेले. आडनाव मात्र अजून उरले आहे.

आजच्या रुपयात चांदी नाही, त्यामुळे तो वाजवून घेण्याचे कारणही उरले नाही. तथापि नाणे पारखण्याची एक निराळीच वेळ आजच्या मुलांवर येते. नागपूरच्या धरमपेठेतून गोकुळपेठेच्या बाजारापर्यंत एक फेरी मारली, तर दहावीस नाणी सहज हातांतून जातात. भाजीवालीने परत केलेल्या सुट्या पैशांत एखादे नाणे असे निघते की, ते पाहून मुलगा वाटेतच थबकतो. कोठे काठाचा घास घेतल्यासारखा तुकडा नाहीसा झालेला असतो, कोठे सिंहांच्या मुद्रेवरून एक रेघ गेलेली असते, तर कोठे आकडाच पुसट असतो. दुसऱ्या दिवशी वर्गात बातमी पसरते की, टाकसाळीची चूक सापडली! अशा चुकलेल्या नाण्यांना संग्राहक मोल देतात, हे मुलांनी कोठेतरी ऐकलेले असते, आणि ते खोटेही नाही. परंतु खरोखर चुकलेले नाणे क्वचितच हाती येते. टाकसाळीतून निर्दोष बाहेर पडून पुढे जगाच्या धक्क्याबुक्क्यांनी विद्रूप झालेली नाणी मात्र पैशाला पासरी मिळतात. बाळाच्या अंगावरची जन्मखूण निराळी आणि खेळताना पडून झालेली जखम निराळी. हा भेद ओळखावयाचा, तर नाणे जन्मास कसे येते हे आधी पाहिले पाहिजे.

भारत सरकारच्या टाकसाळी चार ठिकाणी आहेत : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. त्यांपैकी मुंबईची टाकसाळ १८२९ सालची. नाण्यावर सालाच्या खाली बारकाईने पाहिले, तर ते कोठे घडले हे कळते. शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, वाटोळा ठिपका असेल तर नोएडा. काहीच खूण नसेल, तर ते कोलकात्याचे समजावे. खूण नाही म्हणजे चूक झाली, असे मानणारे उत्साही संग्राहक येथेच पहिली ठेच खातात.

सणावारी आई मोठी पोळी लाटते आणि वाटीच्या काठाने तिच्यातून एकसारख्या पुऱ्या पाडते, हे सर्वांनी पाहिले असेल. नाण्याचा आरंभही असाच होतो. धातूचा लांबलचक पत्रा यंत्राखालून सरकत जातो आणि त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. मागे उरलेला जाळीदार पत्रा पुन्हा वितळविण्यास जातो. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात. मग प्रत्येक चकती दोन बाजूंनी दाबत फिरवितात, म्हणजे तिचा काठ सर्वत्र किंचित उचलला जातो. शेवटी ती एका पोलादी कड्यात येऊन बसते. तिच्याखाली एक ठसा असतो आणि वर दुसरा. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो आणि एका क्षणात दोन्ही बाजूंची चित्रे व अक्षरे उमटतात. दाबामुळे धातू बाहेर पसरू पाहतो, पण कडे त्यास आवरून धरते. म्हणून नाणे रेखीव वाटोळे होते. यंत्र मिनिटाला शेकडो नाणी पाडते. इतक्या घाईत कोठे ना कोठे चूक व्हावयाचीच. चुकलेली बहुतेक नाणी तपासणीत बाजूस काढली जातात. एखादे मात्र नजर चुकवून थैलीत जाते आणि थैलीतून बाजारात येते.

एवढे ध्यानात आले की, पारख करणाऱ्याच्या हाती एक प्रश्न येतो. समोरच्या नाण्याकडे पाहून त्याने विचारावे : हे काम त्या यंत्राकडून होऊ शकेल काय?

रेघेचेच उदाहरण घ्यावे. ठसा लक्षावधी वेळा आपटून अखेर थकतो आणि त्याला बारीक तडा जातो. पुढच्या प्रत्येक ठोक्याला चकतीचा धातू त्या तड्यात शिरतो. साहजिकच अशा नाण्यावर जी रेघ उमटते, ती वर उठलेली असते; डोळे मिटून नखाने चाचपली तरी लागते. उलट, खिळ्याने वा दगडाने ओरखडा निघाला, तर रेघ खोल जाते आणि तिच्या दोन्ही काठांशी ढकललेला धातू साचतो. नांगराने तास ओढला की माती दोन्ही बाजूंस पडते, तसेच हे. उंच रेघ जन्माची, खोल रेघ मागाहूनची. बहुतेक शंका एवढ्यानेच मिटतात.

काठाचा तुकडा नसलेले नाणे अधिक फसवे असते. पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर कापणारे यंत्र आधीच्या भोकावरच थोडेसे पडते आणि चकती चंद्रकोरीएवढी अपुरी निघते. आईची वाटी आधीच्या पुरीच्या जागेवर पडली की पुरी जशी कुरतडल्यासारखी निघते, तशीच. मग कानशीने घासून कोणी असाच तुकडा काढला, तर तो ओळखावा कसा? येथे यंत्राची एक मोठी गमतीची सवय उपयोगी पडते. काठ उचलण्यासाठी चकतीला दोन बाजूंनी दाब लागतो. एका बाजूस तुकडाच नसेल, तर त्या क्षणी बरोबर समोरच्या बाजूसही दाब पोचत नाही, आणि तेथील काठ बसका राहतो. शिवाय तुटक जागेजवळची अक्षरे तिकडे ओढल्यासारखी, किंचित पसरलेली दिसतात, कारण ठोका बसताना धातूला त्या बाजूस मोकळीक मिळालेली असते. कानशीवाल्यास समोरचा काठ बसका करण्याचे सुचत नाही, आणि त्याने कापलेली अक्षरे सुरीने कापलेल्या काकडीसारखी सपकन तुटलेली असतात.

कधी चकती कड्यात नीट न बसता सरकते. अशा वेळी अर्धे चित्र उमटते आणि उरलेली जागा कोरी राहते. कधी पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ठशाऐवजी त्या नाण्याचाच दाब बसतो. तेव्हा एका बाजूस आरशात पाहिल्यासारखी उलटी व खोलगट अक्षरे उमटतात. हे दृश्य फार मोहक असते, म्हणून त्याची नक्कलही फार होते. दोन नाणी शेगड्यात आवळली की एकाची अक्षरे दुसऱ्यावर उलटी उमटतात. पण त्या खाली मूळची सुलट अक्षरे चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असतात. टाकसाळीतल्या खऱ्या चुकीत त्या बाजूस दुसरे चित्र कधी आलेलेच नसते. मग ते शिल्लक कोठून राहणार?

वजनाचा काटा आणि चुंबक ही पारखणाऱ्याची आणखी दोन साधने. २०११ साली निघालेल्या मालिकेतील रुपयाचे वजन ३.७९ ग्रॅम आणि दोन रुपयांचे ४.८५ ग्रॅम. ही दोन्ही नाणी पोलादाची असून चुंबकास चिकटतात. त्याच मालिकेतील पाच व दहा रुपयांची नाणी चिकटत नाहीत. कोणी रुपयाला पिवळा मुलामा देऊन 'हा चुकून पितळेच्या चकतीवर पडला' असे सांगू लागला, तर चुंबक त्याचे पितळ उघडे पाडतो.

चुंबकाची खरी कीर्ती मात्र अमेरिकेत झाली. १९४३ साली दुसऱ्या महायुद्धामुळे तांब्याची ओढाताण होती, म्हणून त्या देशाने आपला सेंट तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचा पाडला. आदल्या वर्षीच्या थोड्या तांब्याच्या चकत्या यंत्रात अडकून राहिल्या होत्या, त्यांवरही १९४३ चा ठसा बसला. ती मोजकी नाणी आज अतिशय मोलाची ठरली आहेत. मग काय विचारता! कित्येकांनी साध्या पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा चढविला. रंग हुबेहूब साधला, पण चुंबक जवळ नेताच ते सेंट टपकन चिकटत.

त्याच १९४३ साली, त्याच युद्धामुळे, आपल्या देशातही तांबे वाचविण्याची युक्ती निघाली. सरकारने पैशाच्या मध्यभागी मोठे थोरले भोकच पाडले. १९४७ पर्यंत असे पैसे निघत राहिले. लोक त्यास भोकाचा पैसा म्हणत आणि दोऱ्यात ओवून ठेवीत. आज एखाद्या मुलाला आजीच्या डब्यात हा पैसा मिळाला, तर तो एकतर टाकसाळीची चूक म्हणून नाचतो, नाहीतर कोणीतरी खिळा ठोकला म्हणून फेकतो. वस्तुतः ही चूकही नव्हे आणि इजाही नव्हे. तो तसाच घडविला होता. शिवाजी महाराजांच्या शिवराईचेही असेच आहे. ती तांब्याच्या लहान तुकड्यावर हाताने ठोकून पाडीत आणि ठसा बहुधा तुकड्याहून मोठा असे. त्यामुळे 'श्री राजा शिव' व 'छत्रपति' ही अक्षरे पुरतेपणी उमटलेली शिवराई विरळाच दिसते. यंत्राच्या नाण्यावर जो दोष ठरेल, तो येथे त्या काळच्या कारागिरीचा नित्याचा प्रकार आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे सर्वांच्या अजब बंगल्यात, जुन्या नाण्यांचा संग्रह आहे. जुने नाणे आणि आजचे नाणे एकाच मापाने मोजू नये, ही गोष्ट अशा संग्रहापुढे उभे राहिले की लवकर उमगते.

चुकीचा आणखी एक प्रकार सांगितल्यावाचून राहवत नाही. १९११ साली निघालेल्या रुपयावर पंचम जॉर्ज बादशहाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती होता. त्याची सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागले. बाजारात कुजबुज झाली आणि ती वाढली. सरकारने शिल्लक रुपये रोखून धरले, आणि १९१२ च्या रुपयावरील हत्तीला चांगली लांब सोंड दिली. यंत्राने आपले काम चोख केले होते. चुकला होता तो चित्र कोरणारा.

आता जखमांकडे वळावे. नाण्याला जग नाना प्रकारे छळते. बिनकल्हईच्या तांब्यापितळेच्या भांड्यात ताक कळकते, हे घरोघरी ठाऊक आहे. तांब्याच्या नाण्यासही आंबटाचा व ओलाव्याचा संसर्ग झाला की हिरवा जंगाल चढतो. तो खरवडला तर खाली खड्डे दिसतात. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचे पांढरे नाणे वर्षानुवर्षे मातीत पुरलेले राहिले, तर तांबूस होते, आणि पाहणारा समजतो की ते तांब्याच्या चकतीवर पाडले गेले. देवापुढची नाणी शेंदूर-तेलाने माखतात. रेल्वेच्या पुलावरून भाविकांनी नर्मदेत वा गोदावरीत टाकलेली नाणी वाळूने घासून गुळगुळीत होतात. तेजाबात बुडालेल्या नाण्याची अक्षरे सर्व बाजूंनी सारखीच बारीक होतात आणि वजन घटते. आगीत सापडलेले नाणे काळवंडते, क्वचित त्यावर फोडही येतात. मात्र उन्हाला उगाच दोष देऊ नये. नागपूरचा मे महिना माणसाचा रंग पालटील, नाण्याचा नव्हे. काही व्रात्य मुले रुळावर नाणे ठेवून गाडीखाली चपटे करतात. यात जिवाला धोका आहे, आणि मिळते ते काय, तर एक विद्रूप पत्रा!

या साऱ्या खुणांत एक गोष्ट समान असते. जखम चित्राच्या वर बसते. आधी चित्र होते, मग आघात झाला, हा क्रम भिंगातून स्पष्ट दिसतो. टाकसाळीच्या चुकीत तो क्रम दिसत नाही, कारण चित्र आणि चूक एकाच क्षणी जन्मलेली असतात.

ही पारख म्हणजे केवळ हौशी मंडळींचा खेळ, असे कोणास वाटेल. धरमपेठेतील एका घरी तिच्यावर दोन हजार रुपये अवलंबून होते. त्या घरची बाई बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे करून देत असे. तिची मुलगी सातवीत होती. डब्याच्या पैशांत एके दिवशी २०१२ सालचा एक रुपया आला. 'भारत' या अक्षरांपाशी त्याचा कोरीएवढा तुकडा नव्हता. मुलीने त्याचे चित्र दूरध्वनीवरून कोणा अनोळखी खरेदीदारास धाडले. तासाभरात उत्तर आले : नाणे दुर्मिळ आहे, पाच लाख रुपये मिळतील, फक्त नोंदणीचे दोन हजार आज भरावे. सोबत रिझर्व्ह बँकेच्या नावाचे एक पत्रही होते. घरात दोन हजार होते, पण ते मुलीच्या शिकवणीसाठी बाजूस ठेवलेले. आई रात्रभर तळमळली. पाच लाखांत काय काय होईल, याचा हिशेब कोणाची झोप उडविणार नाही?

सकाळी मुलगी शेजारच्या आजोबांकडे गेली. इतवारीतील सराफी पेढीवर त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी नाणे प्रथम काट्यावर टाकले.

"वजन कमी भरते," मुलगी आशेने म्हणाली. "म्हणजे खरेच ना, आजोबा?"

"तुकडा नाही, तर वजन कमी भरणारच, बेटा. त्यावरून काहीच ठरत नाही." आजोबांनी भिंग तिच्या हाती दिले. "तुटलेल्या जागेच्या बरोबर समोर पाहा. काठ कसा आहे?"

मुलीने बराच वेळ पाहिले. काठ उंच होता, भरीव होता, इतर जागेहून जराही उणा नव्हता. मग तिने 'भारत' ही अक्षरे पाहिली. शेवटच्या अक्षराचा अर्धा भाग सरळ कापला गेला होता आणि कापल्या जागी बारीक समांतर रेघा होत्या.

"कानस," ती हळूच म्हणाली.

आजोबा काही बोलले नाहीत. उत्तर तिचे तिने काढले होते, त्यात त्यांना भर घालावयाची नव्हती. आई दारातच उभी होती. तिला मात्र त्यांनी सांगितले की, असल्या खरेदीविक्रीशी रिझर्व्ह बँकेचा काडीमात्र संबंध नसतो. आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असे बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीरच केले आहे. आईने दोन हजारांची घडी पुन्हा डब्यात ठेवली. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, आणि थोडी खंतही होती. खोटे का होईना, एक रात्रभर ती पाच लाखांची धनीण होती.

दुपारी मुलगी आपला सगळा गल्ला घेऊन पुन्हा आजोबांकडे आली. दोघांनी मिळून नाणी एकेक करून भिंगाखाली धरली. संध्याकाळ होता होता एक रुपया असा निघाला की, त्याच्या काठापासून सिंहांच्या मुद्रेपर्यंत केसासारखी बारीक रेघ गेली होती. मुलीने डोळे मिटून नख फिरविले. रेघ उंच लागली.

"याचे किती येतील, आजोबा?"

"दुकानात रुपया. एखादा शौकीन भेटला, तर थोडे अधिक."

मुलगी मनापासून हसली. त्या रात्री तिने दोन कागदी पाकिटे केली. एकावर लिहिले : '२०१२. काठ कानशीने घासलेला. समोरचा काठ शाबूत.' दुसऱ्यावर लिहिले : '२०१३. शंकरपाळ्याची खूण, मुंबई. ठशाला तडा. वजन ३.७९.' आणि दोन्ही पाकिटे तिने एकाच पेटीत शेजारीशेजारी ठेवली.